बैल गेला नि झोपा केला

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात ‘वाहनांची चोरी : तिचे आकडे आणि तिच्या वाटा’ या विषयावर दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या आणि वधूवर-परिचयाच्या या मंगल प्रसंगी चोरीचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण तो आम्ही समजून-उमजून निवडला आहे. आपल्या ज्ञातीतील कुटुंबांचा चरितार्थ आता दुकानाच्या गादीवर किंवा शेताच्या बांधावर पूर्वीइतका राहिलेला नाही. तो चाकांवर आला आहे. कोणी शाळेची व्हॅन चालवितो, कोणी पिकअपमधून भाजीपाला पेठेत नेतो, कोणी ‘छोटा हत्ती’ घेऊन मंडपाचे आणि केटरिंगचे सामान वाहतो. ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही त्याच्या अंगणात निदान एक दुचाकी उभी असते. पूर्वीच्या शेतकऱ्याला बैलजोडी जशी होती, तशी आजच्या या कुटुंबांना गाडी आहे.

बैलावरून आपल्या भाषेतील एक म्हण आठवते: ‘बैल गेला नि झोपा केला.’ आजच्या मुलांना ही म्हण पाठ असते, परंतु तिच्यातील ‘झोपा’ झोपेशी संबंधित आहे असा त्यांचा समज असतो. झोपा म्हणजे गोठ्याचे काठ्याकुडांचे दार. बैल चोरीस गेल्यावर ज्याने गोठ्याला दार बसविले, त्याच्या शहाणपणाची ही थट्टा आहे. वाहनांच्या चोरीविषयी जगभर जे आकडे जमले आहेत, ते वाचल्यावर आमचे असे मत झाले आहे की, या म्हणीतच त्या सर्व आकड्यांचे सार आहे. चोर फार चतुर असतो म्हणून चोरी होते असे थोड्याच वेळा घडते. बहुतेक वेळा दार उघडे असते म्हणून ती होते.

प्रथम आकड्यांकडे वळू. आपल्या देशातील गुन्ह्यांची वार्षिक गणना १९५३ सालापासून प्रसिद्ध होत आहे. १९८६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्था आता ते काम पाहते. तिच्या अलीकडच्या अहवालांवरून देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक वाहने चोरीस जातात. त्यांत दुचाकींचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि परत मिळणाऱ्या वाहनांची संख्या निम्म्याहून पुष्कळच कमी असते. एकट्या दिल्ली शहरात २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ४६ हजारांहून अधिक वाहने गेली. म्हणजे दिवसाला सव्वाशेच्या वर. आपण हे भाषण ऐकून घरी पोहोचेपर्यंत तेथे दहाबारा गाड्यांचे मालक रिकाम्या जागेकडे पाहत उभे असतील.

परंतु आकडे वाचण्याचीही एक विद्या आहे. त्याच दिल्लीत २०१३ साली नोंदलेली संख्या १५ हजारांच्या आसपास होती. मग पाचसहा वर्षांत चोर तिप्पट झाले काय? तसे म्हणता येत नाही. मधल्या काळात फिर्याद नोंदवून घेण्याबाबतचे धोरण सैल न राहता कडक झाले, आणि २०१५ पासून वाहनचोरीची फिर्याद घरबसल्या संगणकावरून देण्याची सोय झाली. ज्या चोऱ्या पूर्वी नोंदवहीपर्यंत पोहोचतच नव्हत्या त्या पोहोचू लागल्या. म्हणून एखाद्या शहराचा आकडा मोठा दिसला तर ते शहर अधिक चोरटे असा निष्कर्ष घाईने काढू नये. कदाचित तेथील नोंद अधिक प्रामाणिक असेल. आकडा लहान दिसला तर निश्चिंतही होऊ नये. नोंदवहीच्या बाहेर राहिलेल्या चोऱ्या कोणत्याच बेरजेत येत नाहीत.

चोरी कमी कशाने होते याचा शोध घ्यावयाचा तर थोडे परदेशात डोकावणे भाग आहे, कारण तेथे काही प्रयोग आपोआप घडून गेले आहेत. पश्चिम जर्मनीत १९६३ सालापासून रस्त्यावरील नव्या-जुन्या सर्व मोटारींना सुकाणूचे कुलूप, म्हणजे आपण ज्याला स्टिअरिंग लॉक म्हणतो ते, सक्तीचे झाले. चोऱ्या एकदम खाली आल्या. इंग्लंडने १९७१ साली तीच सक्ती केली, पण केवळ नव्या गाड्यांना. तेथे नव्या गाड्यांची चोरी घटली आणि चोरांनी आपला मोर्चा जुन्या गाड्यांकडे वळविला. ज्या गल्लीत एकाच घराला कुलूप असते, त्या गल्लीत शेजारचे घर फुटते, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरे उदाहरण याहून गमतीचे आहे. पश्चिम जर्मनीत मोटारसायकलस्वाराने शिरस्त्राण घालावे असा नियम आधीच होता, परंतु न घालणाऱ्यास जागच्या जागी दंड करण्यास १९८० साली प्रारंभ झाला. हेतू अपघातात डोके वाचविण्याचा होता. परंतु १९८० साली तेथे सुमारे १ लाख ५३ हजार मोटारसायकली चोरीस गेल्या होत्या, त्या १९८६ साली सुमारे ५४ हजारांवर आल्या. याचे कारण उघड आहे. रस्त्यात उभी मोटारसायकल पाहून ज्याच्या मनात मोह उत्पन्न होतो, त्याच्या हाती त्या क्षणी शिरस्त्राण नसते. उघड्या डोक्याने निघाला तर पहिल्याच चौकात पोलीस अडविणार! मग हे सर्व चोर मोटारींकडे वळले काय? मोटारींच्या चोऱ्या त्याच काळात सुमारे ६४ हजारांवरून ७० हजारांवर गेल्या, म्हणजे थोड्याच वाढल्या. जवळजवळ एक लाख चोऱ्या वर्षाकाठी नाहीशाच झाल्या. यावरून असे दिसते की, चोरांपैकी फार मोठा वर्ग हा धंदेवाईक चोरांचा नसून संधी दिसली म्हणून चोरी करणाऱ्यांचा असतो. संधी काढून घ्या, त्यातील पुष्कळजण चोर होतच नाहीत.

तिसरे उदाहरण पुन्हा इंग्लंडचे. इंग्लंड आणि वेल्स मिळून १९९२ साली साडेपाच लाखांहून अधिक वाहने गेली. पुढे तेथील सरकार कोणत्या बनावटीच्या गाड्या अधिक चोरीस जातात याच्या याद्या प्रसिद्ध करू लागले आणि कारखानदारांना लाज वाटू लागली. १९९८ सालापासून नव्या मोटारींत ‘इमोबिलायझर’ सक्तीचा झाला. चावीच्या मुठीत एक बारीक चकती असते. तिची सांकेतिक ओळख पटल्याखेरीज इंजिन सुरूच होत नाही. पंधरा-वीस वर्षांत तेथील वार्षिक चोऱ्या एक लाखाच्या खाली उतरल्या. मात्र पुढे खिशातून न काढताच गाडी उघडणारी बिनतारी चावी आली, आणि तिच्याबरोबर नवे चोरही आले. २०२२-२३ पर्यंत तो आकडा पुन्हा सव्वा लाखाच्या पुढे गेला. तात्पर्य, कुलूप एकदा बसवून भागत नाही. चोर शिकत असतो, म्हणून मालकानेही शिकत राहिले पाहिजे.

आता चोऱ्या कशा होतात ते पाहू. चोराला शिकविणे हा आमचा उद्देश नाही. त्याला हे सारे आमच्याहून चांगले ठाऊक आहे. अजाण आहे तो मालक.

पहिली वाट चावीची. गाडीत चावी ठेवून दोन मिनिटांसाठी उतरणे, ही सर्वांत जुनी आणि आजही वाहती वाट आहे. आपल्याच ज्ञातीतील एका तरुणाची हकिगत सांगतो. पहाटे चारच्या सुमारास तो भाजीचे क्रेट उतरवीत होता. थंडीचे दिवस, इंजिन पुन्हा लवकर सुरू होत नाही म्हणून त्याने ते चालूच ठेविले होते. तिसरा क्रेट आत ठेवून बाहेर येतो तो गाडी नाही. विमा होता, परंतु मालकाने योग्य काळजी घेतली नाही या कारणावरून विमा कंपनीने दावा नाकारला. गाडी गेली तरी कर्जाचे हप्ते राहिले. दोन वर्षे तो दुसऱ्याच्या गाडीवर मजुरीने चालक होता आणि आपल्या नसलेल्या गाडीचे हप्ते फेडीत होता. त्याच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण त्या दोन वर्षांत थांबले, ते पुढे सुरू झाले नाही. ‘दोन मिनिटे’ या शब्दांची किंमत त्या घराने अशी मोजली.

दुसरी वाट सुट्या भागांची. चोरलेली दुचाकी पुष्कळदा सबंध विकली जातच नाही. काही तासांत तिचे चाक, टाकी, इंजिन वेगवेगळ्या हातांत जाते. व्हॅनवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे असा प्रकार म्हणजे सायलेन्सरची चोरी. महाराष्ट्रात आणि गुजरातेत गेल्या काही वर्षांत इको व्हॅनचे सायलेन्सर रातोरात काढून नेल्याच्या फिर्यादी पुष्कळ झाल्या. मालक सकाळी गाडी सुरू करतो, तेव्हा तिच्या गर्जनेवरूनच त्याला चोरी समजते. एखाद्या गंजक्या नळकांड्यासाठी कोणी रात्र का जागवावी? कारण धूर शुद्ध करण्यासाठी त्यात जो भाग बसविलेला असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अंश असतो. गाडी जमिनीपासून उंच असल्याने खाली शिरणेही सोपे जाते. अशा गाड्या रात्री भिंतीला लागून, उजेडात आणि शक्य तर एकमेकींना चिकटून उभ्या कराव्यात.

तिसरी वाट कागदांची, आणि ती सर्वांत धूर्त होय. अपघातात पार चेचलेली गाडी भंगार म्हणून विकली जाते, पण तिच्याबरोबर तिचे नोंदणीपुस्तकही विकत घेतले जाते. मग त्याच बनावटीची, त्याच रंगाची धडधाकट गाडी चोरून तिच्यावर मेलेल्या गाडीचा क्रमांक ठोकतात. शरीर चोरीचे आणि जन्मपत्रिका मृताची, असा हा परकायाप्रवेश आहे. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर एक क्रमांक कोरलेला असतो. तो सतरा अक्षरांचा व अंकांचा असतो, आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा करतात. जुनी गाडी घेताना हा चॅसिस क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. अक्षरे एका ओळीत आणि एका खोलीची आहेत की नाहीत, आजूबाजूला घासल्याच्या अथवा नव्या रंगाच्या खुणा आहेत काय, हे तपासावे. तो आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी व परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या नोंदीशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला मागावा. विक्रेता घाई करू लागला की आपण सावकाश व्हावे.

चौथी वाट विश्वासाची. ‘एक फेरी मारून पाहतो’ असे सांगून विक्रीची दुचाकी घेऊन गेलेला गिऱ्हाईक परतत नाही, किंवा चार दिवसांसाठी भाड्याने नेलेली गाडी परराज्यात गहाण पडते. गिऱ्हाइकाचे ओळखपत्र ठेवून घेण्यात किंवा त्याच्या पाठीमागे स्वतः बसण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पाचवी वाट नव्या, महागड्या गाड्यांची आहे. बिनतारी चावी घरात दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असते. एक चोर दाराशी उपकरण घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. चावीचा क्षीण संदेश ते उपकरण पकडून गाडीपर्यंत पोहोचविते, आणि धनी जवळ आला असे समजून गाडी उघडते. काचेला ओरखडाही पडत नाही. उपाय साधा आहे: चावी दारापासून दूर, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी. पूर्वीच्या काळी लोखंडी तिजोरी होती, आता चावीपुरती डबी ठेवावयाची इतकेच.

या सर्व वाटा शेवटी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे बाजार. उत्तर प्रदेशात मेरठ शहरात सोतीगंज नावाची पेठ होती. चोरीच्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकण्यासाठी ती देशभर कुप्रसिद्ध झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो व्यवहार बंद पाडला. परंतु बंधूंनो, अशा पेठा चोरांच्या जिवावर उभ्या राहतात काय? चोराला दहा आरसे आणि वीस चाके घरी ठेवून करावयाचे काय? त्या पेठा गिऱ्हाइकांच्या जिवावर उभ्या राहतात. अर्ध्या किमतीत, बिनपावतीचा भाग मागणारा सज्जन जोवर आहे, तोवर तो भाग आणून देणारा दुर्जन निर्माण होतच राहणार. आपली गाडी गेली म्हणजे आपण पोलिसांना दोष देतो, आणि आपल्या गाडीचा आरसा फुटला म्हणजे ‘स्वस्तात कोठे मिळेल?’ असे विचारतो. तो स्वस्त आरसा कोणाच्या तरी दारातून आलेला असतो. चोरीचा माल आहे असे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेणे हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. परंतु कायद्याच्या आधी हा शीलाचा प्रश्न आहे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. चोरी झाली की अमुक वस्तीचे, अमुक जातीचे हे काम, असे बोलण्याची वाईट खोड आपल्या समाजात आहे. परकीय सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कलंक पुसून टाकला, पण आपल्या जिभेवरून तो पुसला गेलेला नाही. आताच पाहिलेले आकडे काय सांगतात? दंडाच्या भीतीने लाखभर चोऱ्या थांबल्या, त्या करणाऱ्यांची काय जात होती? ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना तर हे अधिकच बजावून सांगितले पाहिजे की, चोराची जात शोधत बसू नका, चोरीची वाट शोधा आणि ती बंद करा.

वाट बंद करण्याच्या कामी सरकारनेही काही पावले टाकली आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी कारखान्याकडूनच मिळते. तिच्यावर अशोकचक्राची चकाकती मुद्रा आणि किरणांनी कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. ती ज्या खिळ्याने बसते तो एकदा काढला की पुन्हा बसत नाही. महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, आणि लोकांच्या दिरंगाईमुळे मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. नव्या भारतीय न्यायसंहितेनुसार १ जुलै २०२४ पासून माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीस सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी साध्या चोरीप्रमाणे ती तीन वर्षांपर्यंतच होती.

एवढे करूनही प्रसंग ओढवलाच, तर पुढील क्रम ध्यानात असावा. प्रथम पोलिसांना ताबडतोब कळवावे. हद्दीचा वाद घालून फिर्याद नाकारता येत नाही. नव्या प्रक्रिया-संहितेनुसार ती कोणत्याही ठाण्यात देता येते. विद्युत-माध्यमाने दिल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. त्याच दिवशी विमा कंपनीस आणि कर्ज देणाऱ्या बँकेस लेखी कळवावे. पोलिसांत तत्काळ फिर्याद दिली असेल तर विमा कंपनीस कळविण्यात उशीर झाला एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० रोजी दिला आहे. तथापि न्यायालयापर्यंत जाण्याची पाळीच येऊ नये हे उत्तम. दाव्यासाठी दोन्ही मूळ चाव्या, नोंदणीपुस्तक आणि माग न लागल्याचा पोलिसांचा अहवाल, ज्याला आपल्याकडे ‘अ’ समरी म्हणतात, हे सर्व लागते. म्हणून दुसरी चावी कोठे आहे हे आज घरी गेल्यावर पाहावे. आणखी एक महत्त्वाचे: केवळ तृतीय पक्षाचा, कायद्याने सक्तीचा असलेला विमा चोरीची भरपाई देत नाही. हे पुष्कळांना गाडी गेल्यावर समजते. गाडी सापडली तर ती ठाण्याच्या आवारात गंजू न देता न्यायालयात अर्ज करून हमीपत्रावर सोडवून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच तसे बजावले आहे.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या सभासद-नोंदवहीत नाव, पत्ता आणि व्यवसाय असतात. ज्यांचा चरितार्थ गाडीवर आहे अशा सभासदांसाठी मंडळाने वर्षातून एक दिवस ठेवावा. त्या दिवशी प्रत्येकाने आपला विमा कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या तारखेस संपतो हे जाणकारांकडून तपासून घ्यावे, आणि चॅसिस व इंजिनाचा क्रमांक घरच्या वहीत स्वच्छ अक्षरांत उतरवून ठेवावा. हे क्रमांक घरातील स्त्रियांनाही ठाऊक असावेत. मालक परगावी असता फिर्याद देण्यासाठी ठाण्यात त्यांनाच जावे लागते. ज्याची गाडी जाईल त्याच्याबरोबर ठाण्यात आणि विमा कार्यालयात जाण्यास चार शिकलेले तरुण पुढे यावेत. शिष्यवृत्ती देणे हे मंडळाचे भूषण आहेच, पण एखाद्या घरची गाडी वाचली तर त्या घरच्या मुलांची शिष्यवृत्ती त्या गाडीनेच मिळविलेली असते.

आणि आपण सर्वांनी एक नियम करावा: पावतीवाचून कोणताही भाग घ्यावयाचा नाही, मग तो कितीही स्वस्त असो. गोठ्याला दार बसविणे हे एकट्याचे काम आहे. चोरीच्या बैलाला गिऱ्हाईक मिळू न देणे हे साऱ्या गावाचे काम आहे. ही दोन्ही कामे बैल असतानाच करावीत, एवढीच आमची प्रार्थना आहे.